गर्भावस्थेतील नैराश्य : चुंबकीय उद्दीपन उपचार

गरोदर स्त्रीच्या नैराश्यावर डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन केला जाणारा उपचार. डॉक्टर त्याला टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) म्हणतात. यात शस्त्रक्रिया नसते, भूल नसते आणि रक्तात औषध जात नाही. शॉक ट्रीटमेंटशी (ईसीटी) त्याची गल्लत होते. मात्र इथे मुद्दाम आकडी आणली जात नाही, रुग्ण पूर्णवेळ जागी असते.

इंग्लंडमधील शेफील्डचे संशोधक अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये हे तंत्र दाखवले. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून क्षणभर जोरदार वीजप्रवाह सोडला की तयार होणारे चुंबकीय क्षेत्र कवटीपलीकडच्या पेशींना चेतवते. ते काही सेंटिमीटरनंतर झपाट्याने क्षीण होते, त्यामुळे गर्भाशयापर्यंत त्याचा नगण्य अंश पोहोचतो. गरोदरपणात अनेकदा कपाळाच्या उजव्या बाजूला सेकंदाला एक असा संथ स्पंद देतात, कारण त्यात आकडीचा धोका आणखी कमी असतो.

पुरावा आशादायक आहे, पण तोकडा. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२ गरोदर स्त्रियांना २० सत्रे दिली गेली. खऱ्या उपचाराच्या गटातील ११ पैकी ९ जणींची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटली. नुसत्या भासाच्या उपचारातही (तुलनेसाठी केलेला, खरे स्पंद नसलेला) ११ पैकी ५ जणींना तेवढाच उतार पडला. हा दुसरा आकडा विसरता कामा नये. रोज कोणीतरी आस्थेने विचारपूस करते, याचाही गुण येत असावा. खऱ्या उपचाराच्या गटात तिघींची प्रसूती थोडी मुदतीआधी झाली. एवढ्या लहान गटात त्याचे कारण ठरवता येत नाही, म्हणून ‘पूर्ण सुरक्षित’ ही जाहिरातीची भाषा इथे गैर आहे.

तरीही हा पर्याय मोलाचा आहे. पोटातल्या बाळाच्या काळजीने कित्येकजणी गोळ्या परस्पर बंद करतात, आणि उदासी ‘डोहाळे’ म्हणून घरात झाकली जाते. उपचाराविना राहिलेले नैराश्यही आई आणि बाळ दोघांना जाचते. गोळ्या सरसकट वर्ज्य नसतात. त्यांचा निर्णय मनोविकारतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिळून घ्यायचा असतो.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात उताणे झोपवल्यास गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबून रक्तदाब घसरू शकतो, म्हणून उजव्या कमरेखाली उशी देऊन डावीकडे कलवतात. डोक्यात धातू किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असल्यास हा उपचार करत नाहीत. आत्महत्येचे विचार तीव्र असतील, तर आठवडे लागणाऱ्या या उपचाराची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. गरोदरपणातही गरजेनुसार ईसीटी देता येते.