बाळाचा पल्स ऑक्सिमीटर घरी वापरताना

पहिल्या शस्त्रक्रियेत शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी) बसवून घरी आलेल्या, हृदयाचा एकच खालचा कप्पा काम करत असलेल्या बाळांसाठी ही माहिती आहे. अशा हृदयात शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळतं आणि फुप्फुसं व शरीर या दोन्हींना तोच कप्पा रक्त पुरवतो. म्हणून ऑक्सिमीटरच्या पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण साधारण ७५ ते ८५ टक्के दिसायला हवं. डिस्चार्ज कार्डावर वेगळी मर्यादा लिहिली असेल, तर तीच धरा.

९५ दिसले म्हणून खूश होऊ नका. आकडा सतत ९०च्या वर राहिला, तर रक्त फुप्फुसांकडे जास्त वळून शरीराला कमी पडत असू शकतं. अशा वेळी दूध पिताना घाम येतो, धाप लागते, पाय गार पडतात. ऑक्सिजन दिल्यानेही रक्त फुप्फुसांकडे जास्त वळतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो लावू नये.

प्रोब, म्हणजे ऑक्सिमीटरची दिवा आणि सेन्सर असलेली पट्टी, तळपायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या खाली गुंडाळा. दिवा वर, सेन्सर बरोबर त्याच्यासमोर खाली. सगळी गडबड बहुधा इथेच होते. पट्टी आवळली की शिरांत रक्त तुंबून आकडा खोटा कमी येतो, शिवाय त्वचेवर वळ उठतात. दर चार तासांनी पाय बदला. वरून मोजा घाला, म्हणजे उजेड सेन्सरवर पडणार नाही. शंटच्या बाजूच्या हाताची नाडी क्षीण लागू शकते, त्यामुळे पायच बरा. मोठ्यांची बोटाची क्लिप चालणार नाही. बाळ शांत असावं, पडद्यावरची नाडीची लहर एकसारखी यावी, मगच आकडा वहीत लिहा.

७५च्या खाली गेलं तर आधी बाळाकडे पाहा. राखाडी किंवा मलूल दिसत असेल, तर प्रोबशी खटपट न करता थेट रुग्णालय गाठा. नेहमीसारखं असेल तर पाय ऊबदार करून दुसऱ्या पायाला लावा. तरीही कमीच आलं तर लगेच फोन करा.

वजन रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी, कपड्यांविना, दूध पाजण्याआधी करा. काटा १० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. ३० ग्रॅम घट झाली किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढ नसेल, तर कळवा.

शंटची नळी बऱ्याचदा जेमतेम ३.५ मिलिमीटर रुंद असते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं की तिच्यात गुठळी होऊ शकते. अशा वेळी आकडा ठीक असला तरी सकाळची वाट पाहू नका.