मिठीची पूररेषा: आराखडा आधी, मॉडेल नंतर

मुंबईच्या मिठी नदीकाठी कुठे बांधू द्यायचं हे संगणकाच्या मदतीने ठरवता येईल, अशी चर्चा आता होते. काठावरचे मोठे निर्णय मात्र कधीच होऊन गेले. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचं पाणी घेऊन निघालेली ही नदी जेमतेम १८ किलोमीटरांत माहीमची खाडी गाठते. वाटेत विमानतळापाशी तिला काटकोनी वळणं घेत धावपट्टीखालून जावं लागतं. पुढे मुखाजवळच्या पाणथळ जमिनीत भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. १९७७ पासून तिथलं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आहे.

पूररेषेची कल्पना तेव्हाही होती. केंद्राने पूरक्षेत्राच्या विभागणीचा नमुना कायदा १९७५ मध्येच राज्यांकडे धाडला होता. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये निळी आणि लाल रेषा आणली. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतल्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन रेषांच्या मध्ये अटींवर चालेल. पण बहुतेक मुंबईकरांच्या लेखी मिठी हा नालाच होता. नाल्याची पूररेषा कोण विचारतो?

१९८५ च्या पुरानंतर सुरू झालेल्या अभ्यासातून १९९३ मध्ये मुंबईच्या पावसाळी गटारांबद्दलचा ब्रिमस्टोवॅड अहवाल आला. ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली गटारव्यवस्था ५० मिलिमीटरची करा, हे त्याचं सार. जमीन आहे तशी गृहीत धरायची आणि पाइप वाढवायचे, असा तो विचार.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्यात पाऊणशेही नाही. दोन वेधशाळांच्या आकड्यांवर शहराचा पूर मोजता येत नाही, हे तेव्हा कळलं. मग अग्निशमन केंद्रांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, मिठीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, माधव चितळे समितीने कारणमीमांसा केली आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने नदीची गणिती प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, तपासली.

अशा मॉडेलला नदीचे ठिकठिकाणचे आडवे छेद, काठाची उंची, पुलांचे गाळे आणि पाऊस द्यावा लागतो. मुंबईत आणखी एक गोष्ट लागते, ती भरतीची वेळ. माहीमला मोठी भरती असेल तर वरून येणारं पाणी तुंबतं आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरात घरांत शिरतं. तेव्हा पात्र एखाद्या जागी मीटरभर रुंद केलं तर कुठलं पाणी किती उतरेल, हे आधी पडद्यावर पाहता येतं. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं 'हेक-रास' हे असंच संगणकीय मॉडेल, १९९५ पासूनचं आणि फुकट मिळणारं. त्यामुळे आपल्याकडच्या अभ्यासांतही ते सर्रास दिसतं.

जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिकेने 'आयफ्लोज-मुंबई' ही पूर-इशारा प्रणाली सुरू केली. तिच्या सात भागांपैकी एक निर्णय-साहाय्याचाच आहे. पण तिचा भर इशाऱ्यावर: कुठे पाणी भरेल आणि कोणाला आधी हलवायचं. शहराचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तर २०१८ मध्येच मंजूर झालेला. पुराच्या नव्या नकाशांवरून एखाद्या भूखंडाचं आरक्षण किंवा वापर बदलायचा झाला, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवून फेरबदल मंजूर करून घ्यावा लागतो, तोही एकेका प्रकरणापुरता.