तेल लागो न लागो, विहिरीतले दगड जपायचे कुणी?

जून २०१७मध्ये केंद्र सरकारने ‘नॅशनल डेटा रिपॉझिटरी’, म्हणजे देशातल्या तेल-वायूच्या शोधाची माहिती एका जागी ठेवणारं भांडार, सुरू केली. बातमी आतल्या पानावर आली आणि विरून गेली. तेल-वायूच्या शोधासाठी कुठला तुकडा हवा, तो कंपनीने नकाशावर स्वतः आखून मागायचा, अशी नवी पद्धत तेव्हा येत होती. त्याआधी सरकार ब्लॉक पाडायचं आणि कंपन्या त्यांतून निवडायच्या. आता निवड कंपनीची म्हटल्यावर तिथे पूर्वी कुणी खोदलं होतं का, काय लागलं, हे तिला आधी पाहता यायला हवं. ही माहिती तोवर ज्याची विहीर त्याच्या कपाटात अशी पडून होती.

विहीर मागे काय ठेवते? एक म्हणजे कटिंग्ज, म्हणजे बिटने (ड्रिलच्या टोकाच्या दातेरी अवजाराने) फोडलेल्या खडकाचा चुरा. ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर तो वर येतो आणि चाळणीवर अडतो. ठरावीक अंतराने त्यातला मूठभर घेऊन धुतात, वाळवतात, पिशवीत भरून वर खोली लिहितात. ही खोली लिहिताना हिशोब लागतो, कारण चुरा तळातून वर यायला बराच वेळ लागतो आणि बिट तोवर आणखी खाली गेलेली असते. हिशोब चुकला की पिशवीवर भलत्याच थराचं नाव पडतं, आणि पुढचे सगळे अभ्यासक त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतात.

दुसरी वस्तू म्हणजे कोअर, खडकाचा सलग दंडगोल. तो काढायचा तर सहसा सगळे पाइप वर ओढावे लागतात, त्यात रिगचे, म्हणजे खोदाईच्या यंत्रणेचे, महागडे तास जातात. म्हणून हजारो मीटरच्या विहिरीत कोअर जेमतेम काही मीटरांचाच घेतात. बाहेर आल्यावर त्याच्या अंगावर लाल आणि काळी अशा दोन समांतर रेघा मारतात. वरचं टोक वर धरलं की लाल रेघ उजवीकडे यायला हवी. पेटीतून तुकडा सांडला तरी वरची बाजू कुठली, हे त्यावरून कळतं.

तिसरी वस्तू लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीगणिक केलेल्या मोजमापांची नोंद. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉन इथे श्लुम्बर्जे बंधूंच्या माणसांनी विहिरीत विजेची तार सोडून खडकांचा विद्युतरोध मोजला. तेव्हापासून दगड न काढताही थर ‘वाचता’ येऊ लागले. त्याचा एक परिणाम असा, की अनेकांना दगड म्हणजे अडगळ वाटू लागली. लॉगच्या हव्या तेवढ्या प्रती निघतात, गोदामही लागत नाही. पण चाळीस वर्षांनी नवं उपकरण आलं, तर ते लावायला खडकच लागतो.

याचा सर्वांत नाट्यमय दाखला मेक्सिकोतला आहे. युकातान द्वीपकल्पात गुरुत्वाकर्षणाच्या नकाशावर गोलाकार आकृती दिसली म्हणून पेमेक्स या सरकारी कंपनीने १९५०च्या दशकापासून तिथे विहिरी खोदल्या. चिक्शुलुब-१, सकापुक-१, युकातान-६. तेल नाही, खाली ज्वालामुखीजन्य वाटणारा खडक लागला, आणि विषय मिटला. १९७८मध्ये ग्लेन पेनफील्ड हा भूभौतिकतज्ज्ञ त्याच भागातली चुंबकीय मोजणी तपासत होता. हे उल्केचं विवर असावं, असं त्याला वाटलं. १९८१मध्ये त्याने आणि पेमेक्सच्या अंतोनियो कामार्गोने एका परिषदेत ते मांडलंही. पण पुरावा दाखवायला दगड हवा होता, आणि कोअर गोदामाच्या आगीत गेले, असं त्याला सांगण्यात आलं. १९९०मध्ये कार्लोस बायर्स या पत्रकाराने अॅलन हिल्डेब्रँड या भूवैज्ञानिकाला पेनफील्डबद्दल सांगितलं. मग शोधाशोध झाली आणि त्याच विहिरींचे काही नमुने न्यू ऑर्लिन्समध्ये सापडले. त्यांत आघाताच्या दाबाने रेघाळलेलं क्वार्ट्झ होतं. १९९१मध्ये शोधनिबंध आला. सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं चिक्शुलुब विवर जगाला कळलं. डायनोसॉरच्या अंताची अख्खी गोष्ट कुणीतरी सांभाळून ठेवलेल्या थोड्याशा तुकड्यांवर अडली होती.

हे योगायोगावर सोडू नये, असं काही ठिकाणी कायद्यानेच ठरवलं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात विहिरीचे कोअर आणि कटिंग्ज राज्याच्या भूविज्ञान खात्याकडे द्यावे लागतात, आणि ते ग्रँड फोर्क्सच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात ठेवले जातात. हो, ग्रंथालयच म्हणतात; फक्त फळ्यांवर दगडांच्या पेट्या. तिथल्या बॅकन या तेलधारी खडकाच्या थरात काढता येईल असं तेल १९९५मध्ये अमेरिकी भूविज्ञान सर्वेक्षणाच्या अंदाजाने १५.१ कोटी बॅरल होतं. २००८मध्ये तोच आकडा ३६५ कोटींवर गेला. ही वाढ मुख्यतः आडव्या ड्रिलिंगची आणि फ्रॅकिंगची (दाबाने द्रव सोडून खडक तडकवण्याची), यात वाद नाही. पण कुठे खोदायचं हे ठरवताना कंपन्यांची माणसं ग्रँड फोर्क्सला येऊन दुसऱ्याच कुणीतरी काढलेल्या जुन्या पेट्या उघडून बसत.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. आसामातल्या दिग्बोईला १८८९मध्ये तेल लागलं, तेव्हा विहीर खासगी कंपनीची आणि कागदही तिचेच. स्वातंत्र्यानंतर १९४८चा तेलक्षेत्र कायदा आणि १९५९चे पेट्रोलियम नियम आले. १९५६मध्ये ओएनजीसी स्थापन झाली आणि पुढची काही दशकं देशातलं बहुतेक संशोधन तिच्याच हाती राहिलं. १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या तिच्या तरंगत्या रिगने मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं, तेव्हा विहीर, प्रयोगशाळा आणि गोदाम एकाच घरातलं. बाहेरच्याला माहिती द्यायचा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे, कारण बाहेरचा असा कुणी जवळजवळ नव्हताच.

तो प्रश्न उदारीकरणाने आणला. १९९३मध्ये तेल-वायूच्या शोधावर देखरेख ठेवणारं हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन झालं आणि १९९९पासून नव्या धोरणाखाली लिलावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. करारांनुसार माहितीची मालकी सरकारची. पण मालकी कागदावर असणं आणि वस्तू हाताशी असणं यांत फरक होता. पिवळे पडलेले लॉग, वाचायला यंत्र उरलेलं नाही अशा चुंबकीय फिती, एकाच विहिरीची दोन नावं. नोएडातली रिपॉझिटरी मुळात हा पसारा एका साच्यात बसवण्याचं काम आहे. सेस्मिक रेषा (जमिनीत कंपनं सोडून टिपलेली थरांची चित्रं), विहिरींचे लॉग, अहवाल तिथे पाहता येतात. हे काम उशिरा झालं, पण चांगलं झालं, असं माझं मत.

दगडांचं मात्र तसं झालेलं नाही, आणि आपल्याकडेही चिक्शुलुबच्या तोडीचं काही पेट्यांत असू शकतं, हे २०११मध्ये दिसलं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ओएनजीसीने तेलासाठी खोदलेल्या खोल विहिरींमध्ये लाव्हाचे थर होते, आणि त्यांच्या मधल्या समुद्री गाळात फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांचे जीवाश्म. भूवैज्ञानिक गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून मांडलं, की सह्याद्रीचा काळा कातळ ज्या उद्रेकांनी घडवला, त्यांचाच लाव्हा हजार किलोमीटरहून दूर राजमहेंद्रीपलीकडे पोचला, आणि त्या सागरी जीवांचा ऱ्हास याच थरांच्या काळात होतो. म्हणजे डायनोसॉर संपले त्या विनाशात उल्कापाताबरोबर दख्खनच्या ज्वालामुखींचाही हात. सगळे भूवैज्ञानिक हे मानत नाहीत. वाद चालू आहे. पण वादाच्या दोन्ही बाजू तेल कंपन्यांच्या विहिरींतल्या खडकावर उभ्या आहेत.

त्या शोधनिबंधाच्या लेखकांत ओएनजीसीचे स्वतःचे शास्त्रज्ञ होते, त्यामुळे पेट्या उघडल्या. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला लॉग आता संगणकावर शोधता येईल. त्याच विहिरीतला दगड हातात घ्यायचा, तर त्याला आधी आतला माणूस शोधावा लागेल.