घरी शहाणा, स्पर्धेत बिथरलेला: घोडा बाहेर नेण्याआधी

आमच्या पागेत घोडा ठेवणाऱ्या मालकांसाठी आणि रायडिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

पुण्याची स्पर्धा करून आलेले मालक बहुतेकदा एकच तक्रार करतात: "इथं डोळे झाकून उडी मारतो, तिथं पहिल्याच अडथळ्याला पाय रोवून उभा!" मग घोडा हट्टी ठरतो. खरं तर तो हट्टीही नसतो आणि शिकलेलं विसरलेलाही नसतो. घोडा जे शिकतो ते जागेसकट शिकतो. हीच माती, निगा राखणारा हाच मोतद्दार, शेजारच्या ठाणावरची हीच घोडी. हे सगळं एका दिवसात बदललं की त्याच्या लेखी उडीही नवीच. मिरवणुकीत ढोल-ताशापुढे निवांत उभा राहणारा घोडा मैदानावरच्या प्लास्टिकच्या कुंडीला बुजतो, तो त्यामुळेच.

त्याची नजरही समजून घ्या. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळापुढचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. उन्हातून सावलीत गेल्यावर नजर बसायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. अनोळखी मैदानात तो मान उंच करतो ती लांबचं पाहण्यासाठी. नेमका त्याच क्षणी स्वार घाबरून लगाम खेचतो, घोड्याला धड पाहता येत नाही आणि झटापट सुरू होते. सरावाच्या मैदानात आधी लगाम सैल सोडून चालीवर फिरवा. पाहू दे त्याला.

स्वाराची धडधडही घोड्यापर्यंत पोचते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला ठरलेल्या वाटेने ने-आण करायची होती. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं की, घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. पालकांनी कुंपणापाशी उभं राहून सूचना ओरडू नयेत, असं आम्ही सांगतो ते उगाच नाही.

आता प्रवास. कोल्हापूर ते पुणे साधारण 230 किलोमीटर, आणि तेवढा वेळ घोडा प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला पायांवर तोल सावरत असतो. डोकं उंच बांधून फार वेळ ठेवलं तर श्वासनलिकेत गेलेली धूळ बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. वाटेत थांबा, मान खाली सोडू द्या, पाणी दाखवा. पोचल्यावर ताप मोजा, 101.5 अंशांच्या वर गेला तर स्पर्धा विसरा आणि डॉक्टरांना बोलवा. निवांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. तुमच्या घोड्याची किती, ते घरीच मोजून ठेवा, म्हणजे तिथं तुलना करता येईल.

बरेच घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत, आणि पाणी कमी पडलं की पोटशूळ ठरलेलाच समजा. मोठ्या घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आमचा साधा उपाय: निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून घरच्या बादलीत गुळाचा छोटा खडा विरघळवा आणि तिथंही तेच करा. परकं पाणी ओळखीचं लागतं. शेजारी साध्या पाण्याची बादली मात्र हवीच. (गूळ आपल्याकडे मिळायची पंचाईत नाही!) चंदी (धान्याचा खुराक), भरडा, गवत सगळं घरचंच न्या. रिकाम्या पोटी दौडवू नका. घोड्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र तयार होतं आणि चारा नसेल तर ते उसळून आतली नाजूक बाजू पोळतं. खोगीर घालण्याआधी थोडं गवत खाऊ द्या.

शांत करणाऱ्या औषधाबद्दल दर हंगामात कोणीतरी हळूच विचारतं. आम्ही देत नाही. स्पर्धेत ते नियमबाह्य आहेच, शिवाय गुंगीतला घोडा उडीला अडखळला तर वर तुमचंच मूल असतं.

त्यापेक्षा पहिल्या खेपेला नावच नोंदवू नका. घोडा गाडीत चढेल, परक्या मैदानावर उभा राहील, भोंगा ऐकेल, गवत खाईल आणि परत येईल, एवढंच. नुसतं उभं करायला गाडीभाडं कशाला, असं काही जण म्हणतात. पण प्रवेशशुल्क भरून पहिल्याच अडथळ्याला बाद होण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. सोबत ओळखीचा दुसरा घोडा असेल तर उत्तम. मात्र दोघांना मधूनमधून वेगळं फिरवा, नाहीतर जोडीदार दिसेनासा झाला की हा खिंकाळत राहील.

गाडीत चढण्याचा सराव पागेत दर रविवारी सकाळी, चंदीच्या वेळेला होतो. येताना बादली आणि तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) आपल्याच घोड्याचा आणा. दुसऱ्याचा वापरला तर सर्दी-खोकलाही सोबत येतो.