डाग पुसणं आणि रंग भरणं

१९७१ साली मिरजेत आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे आत्या गायली होती. काकांच्या एका मित्राकडे सुपर एट, म्हणजे घरगुती चित्रणाचा छोटा फिल्म कॅमेरा होता. त्या रात्री त्यानं साडेतीन मिनिटांचं एक रीळ संपवलं. आवाज नाही, रंग नाही. मांडी घालून बसलेली आत्या, मागे दोन तंबोरे, आणि समेवर येताना उचलला जाणारा तिचा उजवा हात, एवढंच त्यात आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ते रीळ स्कॅन करून घेतलं. फाइल आली त्याच आठवड्यात भाच्यानं ती एका ॲपमध्ये टाकली आणि घरच्या ग्रुपवर पाठवली: "आत्याआजीची मैफल, रिस्टोअर केली." साडी निळी झाली होती. ती साडी आमसुली होती. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तिचा तुकडा आईनं शिवलेल्या गोधडीत अजून आहे.

भाच्यानं ते मनापासून केलं होतं, म्हणून त्याला तेव्हा काही बोलले नाही. पण त्याचा शब्द चुकला होता, आणि ही चूक सर्रास होते. जुन्या मैफलींचे व्हिडिओ 'रिस्टोअर केलेले' म्हणून फिरतात, तेव्हा त्यात दोन अगदी उलट दिशांची कामं एकाच नावाखाली खपून जातात. रिस्टोअर करणं म्हणजे नंतर चिकटलेलं काढून टाकणं. रंगवणं म्हणजे जे टिपलंच गेलं नव्हतं ते घालणं.

आधी पहिलं काम. आमच्या रिळाचा डबा उघडला तेव्हा आंबूस वास आला, थेट व्हिनेगरसारखा. ॲसिटेट फिल्म उष्ण-दमट हवेत कुजायला लागली की ॲसेटिक ॲसिड सुटतं. हा वास आला म्हणजे फार दिवस हातात नाहीत. असं रीळ आधी हातानं तपासतात, सुटलेले जोड पुन्हा चिकटवतात, साफ करतात, मग एकेक फ्रेम स्कॅन करतात. ओरखडे जास्त असतील तर फिल्म एका द्रवातून नेत स्कॅन करण्याची पद्धत आहे. द्रव ओरखड्याच्या खाचेत भरतो, प्रकाश तिथे वाकडा होत नाही आणि ओरखडा पडद्यावर उमटतच नाही. त्यानंतर संगणकावर धूळ काढणं, हलणारं चित्र स्थिर करणं, लुकलुकणारा उजेड सारखा करणं. हे सगळं करताना कसोटी एकच: त्या रात्री कॅमेऱ्यासमोर हे होतं का? नव्हतं, तर काढा. होतं, तर हात लावू नका.

ही कसोटी वाटते तितकी सोपी नाही, आणि मैफलीच्या चित्रणात तर मुळीच नाही. धूळ काढणारं सॉफ्टवेअर एका फ्रेममध्ये दिसून पुढच्या फ्रेममध्ये गायब होणारी गोष्ट शोधतं, कारण धुळीचा कण तसाच वागतो. पण द्रुत लयीत तबलजीची बोटंही तशीच वागतात. मान वळताना नाकातल्या चमकीवर क्षणभर उमटणारा उजेडही तसाच वागतो. माणसानं लक्ष ठेवलं नाही तर यंत्र ती चमक कचरा समजून पुसून टाकतं. म्हणजे रिस्टोअर करतानाही खोटेपणा होऊ शकतो. तरी तो चुकून होतो, आणि मूळ स्कॅनशी ताडून पाहिला की पकडता येतो.

मैफलीचं चित्रण दुरुस्त करायचं म्हणजे खरं तर आधी आवाज दुरुस्त करायचा. इथे एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं चित्रित होते, आणि आपल्याकडची टीव्हीची पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची. २४ ची फिल्म तशीच २५ नं चालवली तर तासाभराची मैफल ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपते आणि सूर जवळपास पाऊण पट्टी वर जातो. पेटीच्या पांढरी एक या पट्टीत लावलेला सा तिच्या लगतच्या काळी एकच्या अलीकडे कुठेतरी जाऊन बसतो. तान जास्त चपळ वाटते, आवाज कोवळा वाटतो. ज्यांनी तो गळा समोर बसून ऐकलाय त्यांना पहिल्याच आलापात खटकतं, पण नव्या ऐकणाऱ्याला तोच खरा वाटतो. असा सूर मूळ पट्टीवर आणून ठेवणं हे मला रंगांच्या सगळ्या खटाटोपापेक्षा मोलाचं वाटतं. त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

आता रंग. रंगीत चित्राच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. टीव्हीच्या जुन्या हिशेबात त्यांचा एकच उजेडाचा आकडा करताना हिरव्याचे ५९ टक्के, लालचे ३० आणि निळ्याचे ११ टक्के धरत. तीन आकड्यांची बेरीज करून एक आकडा उरला की त्या एकातून पुन्हा तीन निघत नाहीत. विशिष्ट लाल आणि विशिष्ट हिरवा कृष्णधवल चित्रात तंतोतंत एकाच करड्या छटेचे होतात. मग ॲप काय करतं? लाखो रंगीत फोटो पाहून ते अंदाज बांधायला शिकलेलं असतं. आकाश, गवत, झाडाचं खोड यांचा अंदाज बरा येतो, कारण त्यांना ठरलेला रंग असतो. मैफलीच्या मंचावर ठरलेला रंग कशाला असतो? साडी, शाल, मागचा पडदा, झगमगीत दिवे, सगळंच मनाजोगं. खात्री नसली की असं ॲप मधला मार्ग धरतं, म्हणून रंगवलेल्या चित्रणात सगळीकडे तो विटका तपकिरी-निळसरपणा पसरलेला दिसतो आणि फ्रेमगणिक रंग थरथरतो. आत्याचं कुंकू तर काळपट तपकिरी झालं होतं.

साडीची चूक मला दिसली, कारण गोधडी घरात होती. तंबोऱ्याचा रंग मात्र ॲपनं छान लाकडी दिला आणि आम्ही सगळ्यांनी तो मान्य केला. मिरजेच्या तंबोऱ्यांचं पॉलिश केशरटपासून काळपट लालपर्यंत कसंही असतं. त्या रात्रीचे ते दोन तंबोरे कसे होते, आज कुणालाच सांगता येणार नाही. मला काळजी वाटते ती याच चुकीची. विचित्र रंग लगेच पकडला जातो. पटेल असा चुकीचा रंग आठवण होऊन बसतो. घरातली लहान मुलं आत्ताच "आत्याआजीची निळी साडी" म्हणायला लागली होती.

मग रंग भरूच नये का? असं मी म्हणणार नाही. २५ जून १९६७ ला लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतून बीटल्सनी 'ऑल यू नीड इज लव्ह' गायलं आणि उपग्रहावरून ते अनेक देशांत एकाच वेळी दिसलं. चित्रण कृष्णधवल होतं. बीबीसीचं रंगीत प्रक्षेपण १ जुलैला, म्हणजे अवघ्या सहा दिवसांनी सुरू झालं. पुढे १९९५ च्या 'अँथॉलॉजी' मालिकेसाठी ते चित्रण रंगवलं गेलं तेव्हा त्या प्रसंगी काढलेले रंगीत फोटो हाताशी होते. कोणाच्या अंगात कुठला रंग होता याचा पुरावा समोर ठेवून ते काम झालं. ॲपचा अंदाज आणि हे काम एका मापानं मोजणं बरोबर नाही.

याहून पुढची एक तिसरी गोष्ट आहे, आणि ती कळल्यापासून माझ्या मनातली ही सीमारेषा अधिक पक्की झाली. बीबीसीचे काही कार्यक्रम मुळात रंगीत होते, पण रंगीत टेप पुसल्या गेल्या आणि मागे उरल्या त्या कृष्णधवल फिल्मवरच्या नकला. त्या फिल्म नीट मोठ्या करून पाहिल्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली. रंगाचा सिग्नल गाळून न टाकताच नक्कल काढल्यामुळे ती जाळी फिल्मवर उमटली होती. त्या ठिपक्यांतून मूळ रंग वाचून काढता आले. 'डॅड्स आर्मी' या मालिकेचा १९६९ चा एक भाग २००८ मध्ये असाच पुन्हा रंगीत दिसला. पाहणाऱ्याला तो रंगवल्यासारखाच वाटेल, पण त्यात अंदाज नाही. रंग तिथे होता, तो नुसता वाचला. हे रिस्टोअर करणंच आहे. उलट, सेकंदाला १८ फ्रेमच्या चित्रणात मधल्या फ्रेम घालून ते ६० करणं, किंवा धूसर चेहऱ्यावर यंत्राकडून नाकडोळे रेखीव करून घेणं यात एकही रंग नसतो, तरी ते रंगवण्याच्याच कुळातलं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न लवकरच मोठा होणार आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि रंग आला तो १९८२ मध्ये, एशियाडच्या वर्षी. मधल्या दहा वर्षांत तिथे जे गाणं चित्रित झालं, ते करड्या छटांसाठीच मांडलेलं होतं. कृष्णधवलात माणूस पडद्यापासून सुटा दिसावा म्हणून मागून कडक उजेड टाकत, केसांभोवती उजळ कड यावी म्हणून दिवा लावत. त्या उजेडावर रंग चढवला की चेहरा मेणाचा दिसतो. छायाचित्रकारानं जे विचारपूर्वक केलं तेच मग दोष वाटायला लागतं.

अमेरिकेत १९८८ च्या फिल्म संवर्धन कायद्यानं जपण्याजोग्या सिनेमांच्या राष्ट्रीय यादीतला सिनेमा रंगवला असेल तर तसं स्पष्ट लिहिणं बंधनकारक केलं होतं. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांनाही, त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड झाल्यास, हरकत घेण्याचा हक्क मिळाला. चुकीच्या रंगाची साडी ही मोडतोड ठरते का, हा वकिलांचा विषय. माझं म्हणणं साधं आहे. आधी स्कॅन, मग आवाज आणि वेग, मग डाग. ती प्रत जपून ठेवायची आणि सगळ्यांना बघायला मिळेल अशी ठेवायची. त्यानंतर पुरावा असेल तर रंगवलेली दुसरी प्रत करावी, आणि रंग कशावरून घेतला ते चित्राच्या सुरुवातीलाच लिहावं.

दिवाळीत भाचा आला तेव्हा मी त्याच्यापुढे गोधडी पसरली. वरचा तुकडा उन्हानं विटलाय, म्हणून शिवण थोडी उसवून आत दुमडलेला काठ त्याला दाखवला. तिथे रंग अजून गडद आहे. त्यानं खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो घेतला आणि रात्री जागून नवी प्रत केली. तिच्यात फक्त साडी आमसुली आहे. तंबोरे, पडदा, सतरंजी, सगळं करडंच ठेवलंय. सुरुवातीच्या पाटीवर त्यानं लिहिलंय: "साडीचा रंग गोधडीवरून. बाकीचे रंग माहीत नाहीत."