ऐकत नाही का ऐकू येत नाही?

दिवाळीत गल्लीतल्या पोट्ट्यांनी लड लावली तेव्हा गावातली झाडून सगळी कुत्री बंडीखाली, खाटेखाली, जिथं जागा सापडेल तिथं घुसली, आणि शेजारच्या काकाजींचा कापश्या मात्र ओसरीत पोत्यावर पाय पसरून झोपलेला. सगळ्यांनी कौतुक केलं, वाघाचं काळीज आहे म्हणे. त्याच कापश्याला चार दिवसांनी काकाजी तुराटीनं बदडत होते. "आवाज देऊन राहिलो त ढुंकून पायत नाही, मारल्याबिगर ऐकतच नाही हा!"

आता मराठीतच गडबड आहे बघा, कानावर पडणं म्हणजेही ऐकणं आणि सांगितलेलं करणं म्हणजेही ऐकणंच. कापश्या आठ महिन्यांचा, पांढराफेक, एक डोळा निळा. तो बहिरा असावा, अशी मला डोळ्यावरूनच शंका आली. तो झोपला असताना मागून, पाय न आपटता, किल्ल्यांचा जुडगा वाजवला, कानाची पाळीसुद्धा हलली नाही. (थाळी बडवून बघू नका, हादरा आणि हाताची हालचाल त्याला कळते आणि आपण म्हणतो ऐकू येतं की.) पक्कं करायचं तर बेअर नावाची तपासणी असते, कानात टकटक आवाज सोडून मेंदूतले विजेचे तरंग मोजतात, पाच आठवड्यांच्या पिल्लापासून करता येते, पण ती गावात कुठून मिळणार.

गल्लीनं निदान आधीच करून टाकलं होतं. नजर लागली, गळ्यात बिबा बांधा, कानात कोमट तेल सोडा. अहो, बिबा उतला की माणसाची काय गत होते हे आपल्याकडं पोराटोरांना माहीत आहे, कुत्र्यानं चावला तर? आणि तेलाचं म्हणाल तर बिघाड इतका आत असतो की तेल तिथं पोचतच नाही.

मग बिघाड आहे कुठं? हा माझा आवडता भाग आहे, थोडा दम धरा. कातडीला रंग देणाऱ्या पेशी, मेलानोसाइट, गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून चालत चालत अंगभर पसरतात. काही जनुकांमुळं त्या कमी पडतात किंवा शेवटपर्यंत पोचत नाहीत, म्हणून पंजे, छाती, कपाळ अशा लांबच्या जागा पांढऱ्या राहतात. याच पेशींना आतल्या कानातही एक जागा ठरलेली असते. तिथं रंगाचं काय काम? रंगाचं काहीच नाही. शंखासारख्या त्या नळीतलं पाणी पोटॅशियमनं गच्च भरलेलं ठेवायचं आणि तिथं साधारण 80 मिलिव्होल्टची बॅटरी चार्ज ठेवायची, यात या पेशींचा हात असतो. आवाजानं बारीक केसांच्या पेशी डुलल्या की त्यांची दारं उघडतात, पोटॅशियम धाडकन आत शिरतं आणि मेंदूकडं निरोप जातो. रंगपेशी नसल्या की बॅटरी बसते, मग केसांच्या पेशी मरतात, आणि त्या परत उगवत नाहीत. गंमत म्हणजे पिल्लाचे कान उघडतातच दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, आणि हा खेळ पहिल्या तीन-चार आठवड्यांत संपलेला असतो, घरच्यांना पत्ताही नाही. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांत साधारण 22 टक्के एका कानानं आणि 8 टक्के दोन्ही कानांनी बहिरे निघाले. निळा डोळा असला की शक्यता वाढते, कारण तिथंही रंगपेशींनी दगा दिलेला असतो.

म्हणजे सगळी पांढरी कुत्री बहिरी का? नाही ना. आपल्याकडं घरोघरी दिसणारा पांढरा स्पिट्झ घ्या, नाक काळं, डोळे काळे, कान तिखट. त्याच्या रंगपेशी जागेवर असतात, फक्त केसात काळा रंग भरत नाहीत.

आता शिकवायचं कसं. कुत्र्यांना खुणेवर लाळ गाळायला लावणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव म्हटलं की लोकांना घंटा आठवते, पण त्यांच्या प्रयोगशाळेत मेट्रोनोम होता, दिवेही होते. खूण आणि खाणं यांची जोडी जुळली पाहिजे, खूण कानातून गेली का डोळ्यातून हे कुत्र्याच्या मेंदूला सारखंच. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या लोकांनी 2020 साली छापलेलं काम आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यांना दोन भांडी ठेवून एकाकडं बोट दाखवलं, जवळ आलेल्यांपैकी दहात आठ बरोबर त्याच भांड्याकडं गेले. कोणी शिकवलं नव्हतं.

आम्ही अंगठ्यापासून सुरुवात केली. अंगठा वर, लगेच भाकरीचा तुकडा, अशी वीस-पंचवीस वेळा. लगेच म्हणजे एका सेकंदात, उशीर झाला की मधे जे केलं त्याचंच बक्षीस समजतो. मग तुकडा नाकासमोरून डोक्यावर मागं न्यायचा, मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकतं, टेकलं की अंगठा. मारण्याचं गणितही हेच आहे, हाक मारली तेव्हा तो लांब होता आणि मार पडला जवळ आल्यावर, तर तो शिकला काय? जवळ गेलं की तुराटी. आणि सात दिवसांत आज्ञाधारक म्हणून ते शॉकचे पट्टे विकतात त्यांना तर मी लांबूनच नमस्कार करतो. झोपलेल्याला मात्र एकदम उठवू नका, दचकून चावेल, आधी नाकापुढं हात धरायचा, मग खांद्याला हलका स्पर्श आणि वर तुकडा. रस्त्याकडेला मोकळं सोडायचं नाही, ट्रॅक्टर त्याला ऐकू येत नाही, लांब दावं बांधा.

रात्रीचा प्रश्न होता, मोटारपंपाची थ्री फेज वीज रात्रीच येते म्हणून काकाजी वावरात जातात आणि हा सोबत. तिथं हात कोण बघणार? मग बॅटरी. समोर जमिनीवर दोनदा उघडझाप म्हणजे ये, आला की भाकर, डोळ्यात मारायची नाही. बारा-तेरा दिवसांत जमलं. काकाजी अजूनही बॅटरी मारताना तोंडानं "ये रे कापश्या" ओरडतातच. आणि आता उघडझाप झाली की कापश्याच्या आधी गल्लीतली दोन चांगल्या कानांची कुत्री येऊन बसलेली असतात, त्यामुळं भाकरी तीन न्याव्या लागतात.