जुन्या वाड्याला हात लावण्याआधी

आम्ही जुन्या वाड्यांची दुरुस्ती करतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाडून आरसीसी करावं का?" घर तुमचं, निर्णयही तुमचाच. पण पाडण्याआधी ते आजवर कशाच्या जोरावर उभं आहे, हे एकदा नीट बघून घ्या. लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडच्या तालुक्याच्या गावांत कितीतरी जुने वाडे अजून नांदते आहेत. जे खचलेले आम्ही बघतो, त्यांतले बरेचसे आधी कुणीतरी केलेल्या दुरुस्तीनं खचलेले असतात.

भिंत आणि सांगाडा

मोठ्या दरवाजातली दिंडी, आत ढाळज (दरवाजालगतची बैठकीची जागा), मग चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर. एवढं सगळ्यांना माहीत असतं. भिंतीच्या पोटात काय आहे, ते मात्र घरमालकालाही सहसा माहीत नसतं. बाहेरून काळा घडीव दगड, आतून ओबडधोबड दगड आणि मधल्या पोकळीत माती-गोट्यांची भर, अशी ही दोन-तीन फूट जाड भिंत असते. देवळ्या, कोनाडे, अडसराची खाच, काही घरांत धान्याचं बळदसुद्धा याच जाडीत बसवलेलं असतं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना माजघरात पंख्यावर भागतं, ते या जाडीमुळे.

छताचं ओझं चांगल्या वाड्यात भिंतीवर नसतं. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण; घर इतक्या खणांचं, असं म्हणतात ते याच हिशेबानं. म्हणून खांब विकू नका. जुनं लाकूड घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात, नक्षीचे खांब काढून नेतात आणि जागी लोखंडी पाइपाचा टेकू देतात. खांबाचं बूड कुजलं असेल तर तेवढाच भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा सांधता येतो. (खांबांना निळा ऑइल पेंट द्यायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं, देव जाणे. तो काढण्यात आमचे दिवस जातात.)

सिमेंट का नको

माती-चुन्याची भिंत ओल पिते आणि उन्हात बाहेर टाकते. वरून सिमेंटचा गिलावा केला की बाहेरची वाट बंद होते. ओल आतल्या आत वर चढते, खार फुटतो, आणि दोन-चार पावसाळ्यांनी सिमेंटचा पापुद्रा सुटतो तो विटेचा तोंडवळा घेऊनच. मालकाला वाटतं, भिंत कुजली. मग पुन्हा सिमेंट.

आम्ही चुना वापरतो. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरत ठेवायचा, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून मळायचा. पूर्वी यासाठी बैलाची घाणी असे, आता यंत्र आहे. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा घालत; ताग चिरून टाकला तर भेगा कमी पडतात. ही अक्कल आपल्या भागात फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा लांबून सगळा संगमरवरी वाटतो, पण संगमरवर तिथे मोजक्या जागी आहे; बाकी पांढरेपणा घोटलेल्या चुन्याचा.

चुन्याला घाई चालत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड बनतो आणि तोवर त्याला ओलसर ठेवावं लागतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात आम्ही गिलाव्याचं काम धरत नाही. लग्नाची तारीख आठ दिवसांवर आली असेल, तर आम्हाला बोलावू नका.

माळवद आणि किल्लारीची धास्ती

या विषयावर सविस्तर बोलावंच लागतं, कारण आपल्याकडे ही भीती ऐकीव नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं दगड-मातीच्या घरांखाली गेली. "तशाच घरात तुम्ही आम्हाला राहा म्हणता?" असं ग्राहक विचारतात, आणि ते योग्यच आहे.

तिथे नेमकं काय घडलं? भिंती न घडवलेल्या, गोल दगडांच्या आणि नुसत्या मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, त्यामुळे हादऱ्यासरशी दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. वर माळवद, म्हणजे कड्या-फळ्यांवर मातीचा थर दिलेलं सपाट छप्पर. गळती लागली की उन्हाळ्यात गढीची पांढरी माती आणून पसरायची, ही रीत. जुनी माती कुणी काढत नसे. असे थर चढत छपरावरची माती दीड-दोन फुटांपर्यंत गेली होती. लाकडी सांगाडा जिथे धड होता, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर उभं राहिल्याची उदाहरणं होती.

म्हणून माळवदाच्या कामात पहिला दिवस माती उतरवण्यात जातो. साधारण आठ इंचांपेक्षा जाड थर ठेवत नाही. कड्या-फळ्या तपासून वर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पांढरी माती, पन्हाळीकडे नीट उतार. काळी माती चालत नाही. ती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. खांब आणि तुळई जिथे मिळतात, तिथे तिरपे आधार देतो. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा त्याऐवजी सळई घातलेला काँक्रीटचा तुकडा बसवतो. इतकं केलं तरी भूकंपात काहीच होणार नाही, असं लिहून देणार नाही. भिंतीला पोट आलं असेल किंवा कोपरा उभा फाटला असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालाशिवाय आम्ही काम घेत नाही.

सानं, म्हणजे माळवदातला उजेडाचा झरोका, बुजवू नका. पावसाची भीती असेल तर वर काच बसवून देतो. बंद केलं की माजघरात अंधार, अंधारात ओल आणि ओलीवर वाळवी.

बोलावण्याआधी एवढं करा

तुमचं घर केंद्र सरकारच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत असेल तर नवीन बांधकामाला बंदी आहे आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या दोनशे मीटरांतही परवानगीशिवाय काही करता येत नाही. किल्ल्याच्या किंवा जुन्या देवळाच्या शेजारी राहणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. वाटणी झाली असेल तर सातबारा नव्हे, गावठाणातल्या घराचा नमुना आठ किंवा मिळकतपत्रिका काढून ठेवा आणि सगळ्या भावांना एकदा एकत्र बसवा. अर्ध्या माळवदाची दुरुस्ती होत नाही, पाणी शेजारच्या खणातून येतंच.

चांगला पाऊस चालू असताना घरभर फिरून मोबाइलवर फोटो काढा: पन्हाळीचं तोंड, भिंतीचा पाया, कड्यांची टोकं. उन्हाळ्यातल्या कोरड्या भिंतीवरून आम्हालाही गळती सांगता येत नाही. माळवदाचं काम अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत, चुन्याचं दिवाळीनंतर. पाहणीचे पैसे घेत नाही, पण पाहणीच्या वेळी घरातलं जाणतं माणूस हजर हवं. पूर्वी आड कुठे होता, धान्य साठवायचं जमिनीतलं पेव कुठे बुजवलं, हे त्यांनाच ठाऊक असतं.